गाठी आपोआप विरतात तेव्हा

मूत्रपिंडाचा कर्करोग फुप्फुसांत पसरल्यावरही तिथल्या गाठी क्वचित आपोआप विरतात. बहुधा रोगट मूत्रपिंड काढल्यानंतर. प्रमाण शंभरात एकाहूनही कमी मानले जाते. एव्हरसन आणि कोल या डॉक्टरांनी १९६६च्या ग्रंथात सर्व कर्करोगांतली अशी १७६ उदाहरणे नोंदवली. त्यांतली ३१ मूत्रपिंडाची.

खरी पंचाईत झाली ती पसरलेल्या मूत्रपिंडाच्या कर्करोगावरच्या औषधाच्या कॅनडातल्या चाचणीत. १९९८ साली निष्कर्ष आले: इंटरफेरॉन-गॅमा हे औषध घेणाऱ्या ४.४ टक्के रुग्णांच्या गाठी आटल्या किंवा नाहीशा झाल्या, तर औषध नसलेले इंजेक्शन घेणाऱ्यांत ६.६ टक्क्यांच्या! फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य, पण औषधाचा दावा निकालात निघाला. गाठी आपोआप विरण्यामागे प्रतिकारशक्ती असावी, असा कयास आहे. विरलेल्या गाठी पुन्हा डोके वर काढू शकतात, म्हणून सीटी स्कॅनच्या फेऱ्या सुटत नाहीत.