शून्य लावलं की दहापट होते?

दिल्लीत थंडी सुरू झाली की पीएम २.५चे आकडे घरोघरी वाचले जातात. या सूक्ष्म कणांची देशाने ठरवलेली चोवीस तासांची मर्यादा आहे घनमीटरमागे ०.०६ मिलिग्रॅम. त्याचे मायक्रोग्रॅम किती? हजाराने गुणायचं. इथे मूल अडलं की घरातलं कुणीतरी हमखास सांगतं, "तीन शून्यं लाव पुढे!" मूल ०.०६००० लिहून मोकळं होतं.

हा सल्ला देणं आता खरोखरच थांबवायला हवं. ०.०६ आणि ०.०६००० ही एकच संख्या आहे. गुणाकार झालेलाच नाही.

पूर्ण संख्येत ही युक्ती चालते, कारण २५पुढे मांडलेलं शून्य एककाचं घर घेतं. ५ दशकात जातो, २ शतकात. प्रत्येक अंकाची स्थानिक किंमत दहापट होते. २.५पुढचं शून्य मात्र शतांशाच्या रिकाम्या घरात बसतं. २ आणि ५ जागचे हलतही नाहीत. ०.०६मधल्या ६ला हजारपट व्हायचं तर शतांशातून दशांश, एकक आणि दशक अशी तीन घरं डावीकडे जावं लागतं. मागे एककाचं घर रिकामं राहतं, तिथे शून्य येतं. उत्तर ६० मायक्रोग्रॅम.

एनसीईआरटीच्या सातवीच्या जुन्या पुस्तकात दशांशचिन्ह उजवीकडे सरकवण्याची रीत होती. तिने उत्तर बरोबरच येतं. पण चिन्हाची जागा एकक आणि दशांश यांच्या मध्ये कायमची ठरलेली आहे. घरं बदलतात ते अंक. मुलांना हे आधी दाखवावं, रीत मागाहून द्यावी.

गुणाकाराने संख्या वाढतेच, हेही खरं नाही. दहाचा उणे तिसरा घात म्हणजे एक सहस्रांश, २.५ मायक्रोमीटरला त्याने गुणलं की ०.००२५ मिलिमीटर मिळतात. आणि दहाचा शून्यावा घात शून्य नसतो, १ असतो.

अंक नुसते सरकवून हिशेब करण्याची ही सोय आपल्या पैशांत आली ती १ एप्रिल १९५७ला, रुपयाचे १०० नये पैसे झाले तेव्हा. त्याआधी रुपयाचे सोळा आणे. अडीच रुपयांची वस्तू म्हणजे दोन रुपये आठ आणे. अशा दहा घेतल्या तर वीस रुपये ऐंशी आणे, मग ऐंशीला सोळाने भागून पाच रुपये, एकूण पंचवीस. नव्या नाण्यांत २.५०चे अंक एक घर डावीकडे गेले की झाले २५.०० रुपये.