नखाची बुरशी : गोळ्या तीन महिने, नख साफ व्हायला वर्ष-दीड वर्ष



आजचा मेसेज पिकाचा नाही, पायाचा आहे. गेल्या पंधरवड्यात शिवारफेरीत बांधावर गमबूट काढले तेव्हा तिघा-चौघांच्या अंगठ्याचं नख एकसारखंच दिसलं. पिवळं, जाड झालेलं, टोकाखाली भुसा साठलेला. विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच, "दोन महिने मलम लावलं, फरक नाही. दिलं सोडून."

मी डॉक्टर नाही, कृषी पदविकावाला आहे. पण हाच प्रकार घरी वडिलांच्या पायाला झाला आणि दवाखान्याच्या फेऱ्या मीच केल्या, म्हणून लिहितोय.

फरक का दिसत नाही? करप्याचा ठिपका पडलेलं पान फवारणीनंतर परत हिरवं होतं का? नाही. आपण नवीन फूट बघतो, ती स्वच्छ निघाली म्हणजे औषध लागू पडलं. नखाचं तेच आहे. खराब झालेलं नख बरं होत नाही, ते पुढे सरकत जातं आणि कापलं जातं, मागून मुळाकडून चांगलं नख येतं. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटरच वाढतं. म्हणून पूर्ण नख बदलायला 12 ते 18 महिने लागतात. हाताचं नख सहा महिन्यांत बदलतं. वय जास्त असेल, पायाला रक्तपुरवठा कमी असेल तर आणखी उशीर.

साधं मलम नखातून आत उतरत नाही. आपल्या भाषेत ते स्पर्शजन्य, आणि गोळी आंतरप्रवाही. टर्बिनाफिनची गोळी पायाच्या नखासाठी डॉक्टर साधारण 12 आठवडे रोज देतात. इट्राकोनॅझोल काही वेळा महिन्यातून एक आठवडा, असं तीन महिने देतात. गोळ्या संपल्या तरी औषध नखात काही महिने टिकून राहतं, त्यामुळे नख अर्धं पिवळं असताना गोळ्या बंद झाल्या म्हणून घाबरू नका. बुरशी नखाच्या टोकालाच असेल तर अमोरोल्फिनचं नेलपॉलिशसारखं औषध आठवड्यातून एकदा लावायला देतात, पण तेही नऊ महिने ते वर्षभर.

या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून खाऊ नका. त्या लिव्हरवर ताण देऊ शकतात, म्हणून आधी रक्त तपासतात. इट्राकोनॅझोल हृदयाच्या आणि इतर बऱ्याच औषधांबरोबर चालत नाही. आणि जाड पिवळं नख म्हणजे दरवेळी बुरशीच असते असंही नाही. मार बसून, बूट घासून, सोरायसिसमुळेही नख तसंच दिसतं. नखाचा तुकडा तपासून घ्या. रोग ओळखल्याशिवाय फवारणी नको, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

वडिलांनी पहिल्यांदा महिनाभर गोळ्या घेतल्या, नख होतं तसंच दिसलं, बंद केल्या. वर्षभरात शेजारची दोन नखं गेली. दुसऱ्या वेळी गोळ्यांआधी रक्त तपासलं, त्यातच शुगर निघाली. आम्हाला पत्ताच नव्हता. तीन महिने संपले तेव्हा मुळाशी चांगल्या नखाची जेमतेम चार-पाच मिलिमीटरची पट्टी होती. वडील म्हणाले, "एवढ्यासाठी एवढा खर्च?" मी दर महिन्याच्या एक तारखेला मोबाईलवर फोटो काढत होतो, ते एकापुढे एक दाखवले तेव्हा पटलं. पूर्ण नख चौदाव्या महिन्यात आलं. तुम्हीही फोटो काढून ठेवा. चांगल्या नखाची पट्टी दर महिन्याला पुढे सरकतेय ना, एवढंच बघायचं. सरकत नसेल तर परत डॉक्टरांकडे. काहींना दुसऱ्यांदा कोर्स लागतो, काहींना बरं होऊनही परत होते.

शुगर असलेल्यांनी नख स्वतः खोलवर कापू किंवा कोरू नये. जाड नखाखाली जखम होते, ती दुखत नाही, आणि पाय चिघळतो. लाली, सूज, पाणी दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.

आता एक राग येणारी गोष्ट. एका सभासदाने नखाला पिकावरचं बुरशीनाशक चोळलं. "बुरशीच आहे ना," म्हणाले. असलं काही करू नका! डब्यावर लिहिलेलं प्रमाण पिकाचं असतं, कातडीचं नाही. तसंच स्टिरॉइड मिसळलेली मलमं. खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आतून वाढत राहते.

बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या असतील तर त्याही दाखवा, बऱ्याचदा बुरशी तिथूनच नखात शिरते. गमबूट रात्री उलटे करून वाळवा, शक्य असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरा. पाय धुतल्यावर बेचक्या कोरड्या पुसा. खराब नखाचं नेलकटर वेगळं ठेवा, घरातल्या बाकीच्यांना देऊ नका.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात त्वचारोग डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते आधी विचारून जा, फेरी वाया जात नाही.

सोयाबीनवरच्या पाने खाणाऱ्या अळीचा मेसेज उद्या सकाळी नेहमीच्या वेळी येईल.

आपला,
कृषी सल्लागार