दानाचा दवाखाना आणि हक्काची खाट

गेल्या ऊस हंगामातली गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास एका कार्यकर्त्याचा फोन आला. जत तालुक्यातल्या एका ऊसतोड कुटुंबाचे तीन महिन्यांचे बाळ आमच्या भागातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या काउंटरसमोर आईच्या मांडीवर होते. बाळाचे पोट उडत होते, ओठ निळे पडत चालले होते. ज्या सरकारी दवाखान्यात आधी नेले तिथे जागा नव्हती म्हणून इकडे पाठवले आणि इकडे चाळीस हजार डिपॉझिट मागितले. बापाच्या खिशात मुकादमाकडून उचललेले दोन हजार.

आम्ही गेलो. रुग्णालयाच्या दारात कुंडीतल्या प्लॅस्टिकच्या झाडामागे एक फलक होता. निर्धन रुग्णांसाठी राखीव खाटांची माहिती त्यावर लिहिली होती, पण ती वाचायची तर कुंडी सरकवावी लागत होती. काउंटरवरच्या मुलाने सांगितले, योजनेचे सकाळी समाजसेवक आल्यावर बघू. आम्ही सांगितले, बाळ सकाळपर्यंत थांबणार नाही आणि कायदाही थांबायला सांगत नाही. दीड तास हुज्जत घातल्यावर बाळ आत गेले. नवव्या दिवशी ते घरी, म्हणजे कारखान्याच्या तळावरच्या कोपीत गेले. जाताना त्या बापाने डॉक्टरांना, नर्सना, वॉचमनला आणि शेवटी आम्हालाही हात जोडले. "लय उपकार झाले, वकीलसाहेब."

हा 'उपकार' शब्द आमच्या डोक्यातून जात नाही. त्या माणसाला जे मिळाले ते त्याच्या हक्काचे होते, आणि ते दीड तास उशिरा मिळाले. तरीही उपकार मानायचे त्यानेच!

लहान मुलांच्या दवाखान्यांना देणग्या देणाऱ्यांची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. ती नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. मिरजेचेच पाहा. कॅनडातून आलेले डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ साली हिंदुस्थानात आले. आधी सांगलीत आणि मग मिरजेत त्यांनी दवाखाना चालविला. १८९४ साली मिरजेत मिशनचे रुग्णालय उभे राहिले. जागा मिरजेच्या संस्थानिकांची आणि पैसा सातासमुद्रापलीकडचा. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स नावाच्या इंजिन कारखानदाराने तो दिला. ज्याने मिरज कधी पाहिली नाही त्याच्या पैशावर मिरजेतल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या कित्येक पिढ्यांची बाळंतपणे झाली. गावातला वैद्य महारवाड्यात, मांगवाड्यात पाऊल टाकत नव्हता त्या काळात मिशनच्या दारात जात विचारून कोणाला परत पाठवत नसत, ही गोष्ट आमच्या आज्या सांगत. आम्ही ती कृतज्ञतेने नोंदवतो.

पण याच रुग्णालयाने आणखी एक धडा दिला आहे. अलीकडच्या वर्षांत ते आर्थिक अडचणीत सापडल्याचे मिरजकरांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले. दाता इमारतीला पैसे देतो, कारण इमारतीवर नाव कोरता येते. नर्सच्या पगारावर, ऑक्सिजनच्या बिलावर, रात्रपाळीच्या आयाच्या भाकरीवर कोणाचे नाव कोरता येते? लहान मुलांचा दवाखाना तर सर्वांत खर्चिक. काचपेटीतल्या एका बाळाजवळ चोवीस तास माणूस लागते, आणि त्या बाळाचे आईबाप बहुधा सर्वांत गरीब असतात. म्हणून देणगीतून उभा राहिलेला दवाखाना रोजच्या खर्चापाशी येऊन अडतो. तिथून पुढे एक तर शासनाने हात द्यायचा, नाहीतर पैसेवाल्या पेशंटसाठी दार मोठे करायचे आणि गरिबासाठी बारीक. दुसरा मार्ग सोपा असतो.

आता परळला चला. परळ आपल्याला परके नाही. सातारा जिल्ह्यातल्या किती घरांतला माणूस गिरणीत होता, याची मोजदाद करायला बसलो तर अर्धा जिल्हा त्यात येईल. परळच्या बीआयटी चाळीत प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत होते. १९२६च्या जुलैमध्ये त्यांचा राजरत्न गेला. त्याआधी रमेश, गंगाधर आणि इंदू ही लेकरे गेली होती. पाचांपैकी एकटे यशवंत राहिले. विलायतेहून पदव्या घेऊन आलेल्या बॅरिस्टराच्या घरात ही स्थिती, तर शेजारच्या खोलीतल्या गिरणी कामगाराच्या घरात काय असेल? बाबासाहेबांच्या मातोश्री भीमाबाईंनी चौदा लेकरांना जन्म दिला, त्यांतली पाच जगली, आणि त्या स्वतः १८९६ साली साताऱ्यात वारल्या. त्यांच्या समाधीवर आपण फुले वाहतो. त्या समाधीसमोर उभे राहिल्यावर या आकड्याचा विचार किती जण करतात?

त्याच परळमध्ये, राजरत्न गेल्यानंतर तीन वर्षांनी, १९२९ साली बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय सुरू झाले. नेस आणि कुसरो या गिरणीमालक वाडिया बंधूंनी आपल्या आईच्या नावाने ते उभारले. वडील नौरोसजींच्या नावाचे प्रसूतिगृह १९२६चे. कामगारांच्या बायकापोरांना आधार मिळावा हा हेतू चांगलाच होता, आणि शेकडो कोसांवरून आलेली लेकरे तिथे वाचली. आमच्या सातारा-सांगलीकडचे आईबापही कुठलाच इलाज चालेना तेव्हा रातोरात एस.टी. नाहीतर रेल्वे पकडून वाडियाची वाट धरतात.

मात्र हा पैसा आकाशातून पडला नव्हता. तो गिरण्यांतून आला आणि गिरण्यांत तो घाम गाळणाऱ्यांनी तयार केला. मुंबईच्या गिरण्यांत चांगल्या पगाराच्या विणकाम खात्यात आपल्या माणसांना शिरू देत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून बाट होईल, असे सवर्ण कामगारांचे म्हणणे होते. १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. म्हणजे कमी पगाराच्या खात्यात राबून ज्यांची लेकरे औषधावाचून गेली, त्यांच्याही घामाचा थेंब त्या संपत्तीत आहे. मग सांगा, वाडियाच्या खाटेवर झोपलेले गिरणी कामगाराचे मूल कोणाच्या उपकारावर झोपले होते?

त्याच १९२९ सालची आणखी एक नोंद बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये केली आहे. काठेवाडात एका अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण पत्नी आजारी पडली. डॉक्टर यायला तयार नव्हता. मिनतवारीने आला तो तिला न शिवण्याच्या अटीवर. थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाताने दिले-घेतले. ती माउली वाचली नाही. तो शिक्षक फी द्यायला तयार होता, हे ध्यानात घ्या. याच लेखनात बाबासाहेबांनी आपल्या सातारा जिल्ह्यातला मसूर स्टेशनचा लहानपणीचा प्रसंग सांगितला आहे. तिथेही मुलांजवळ पैसे होते. गाडीवानाला दुप्पट भाडे दिले, गाडीही स्वतःच हाकली, तरी रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. जिथे हक्क मान्य नाही तिथे खिशातला पैसाही कामाला येत नाही, मग दुसऱ्याच्या खिशातल्या दानाची काय कथा!

म्हणूनच १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेचे विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी मालकांच्या दयेची भाषा केली नाही. आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलावा, पण तिच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकालाही त्यातून सुटका नाही, अशी त्यांची मांडणी होती. आमच्या मते लहान मुलांच्या दवाखान्याचा हिशेबही याच पद्धतीने मांडला पाहिजे.

आता एक कडू घोट. २०१९ संपता संपता वाडिया रुग्णालयाचे अनुदान थकले, नवे पेशंट घेणे थांबले, कर्मचारी रस्त्यावर आले. रुग्णालय म्हणे थकबाकी द्या, महापालिका म्हणे हिशेब द्या. दोघांच्या भांडणात मुले दारातून परत जात होती. जानेवारी २०२० मध्ये प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात असताना न्यायालयाने सरकारला फटकारले. पुतळ्यांसाठी पैसा आहे, बाबासाहेबांचा पुतळा सरदार पटेलांच्या पुतळ्याहून उंच करायचा आहे, पण ज्यांच्यासाठी बाबासाहेब आयुष्यभर झगडले ती माणसे मेली तरी चालतील, असा त्या बोलांचा आशय होता. त्यानंतर राज्य सरकार आणि महापालिका मिळून ४६ कोटी सोडण्याचे ठरले. त्याच दिवसांत मंत्रिमंडळाने इंदू मिलच्या पुतळ्याची उंची २५० फुटांवरून ३५० फूट केली. खर्च हजार कोटींच्या पुढे गेला.

त्या बोलांनी आपल्यातले अनेक जण दुखावले. पुतळे इतरांचेही होतात, बोट मात्र बाबासाहेबांच्याच पुतळ्याकडे का, असा प्रश्न विचारला गेला. प्रश्न चुकीचा नव्हता. पण ॲड. प्रकाश आंबेडकर यांनी त्या वेळी स्मारकाचा निधी वाडियाला द्या, अशी उघड भूमिका घेतली होती, हेही विसरता येणार नाही. आम्हाला ती भूमिका तेव्हाही पटली होती. अनेक मित्रांचा त्यासाठी रोषही घेतला. ज्यांची चार लेकरे गेली त्या बापाला शंभर फूट उंची वाढवून काय मिळाले असते?

सरकारला शहाणपण शिकवताना आपला कायदाही आपल्याला माहीत पाहिजे. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांना मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० चे कलम ४१ कक लागू आहे. या कायद्याला आता महाराष्ट्राचे नाव लागले आहे. या कलमाखाली उच्च न्यायालयाने आखून दिलेली योजना १ सप्टेंबर २००६ पासून अमलात आहे. दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात. सर्व रुग्णांच्या एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची आणि ती यांच्यावरच खर्च करायची. तातडीच्या रुग्णाला डिपॉझिट न मागता दाखल करून घ्यायचे आणि तो स्थिर होईपर्यंत जीव वाचविणारे उपचार द्यायचे. कागदपत्रे नंतर. उत्पन्नाची मर्यादा मूळ योजनेत निर्धनांसाठी वर्षाला २५ हजार आणि दुर्बलांसाठी ५० हजार होती, ती पुढे वाढविली गेली. तहसीलदाराचा दाखला नाहीतर रेशनकार्ड जवळ ठेवा. ऐकले नाही तर जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात तक्रार करा, लेखी करा आणि पोच घ्या. रुग्णालय सरकारी असेल तरी तोच न्याय आहे. रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला कोलकात्यात एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठविले, तेव्हा पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले की, वेळेवर उपचार न मिळणे हा घटनेच्या कलम २१चा भंग आहे.

वाचकांपैकी काही जण म्हणतील, मग आपण दान द्यायचेच नाही का? द्यायचे! धम्मात दानाला पहिले स्थान आहे. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला देण्यास सांगितले. दुसऱ्याच्या दारात कटोरा घेऊन जाण्यापेक्षा स्वतःचा मोठा खिसा नसलेल्या माणसांनी एकत्र येऊन देण्याची ती शिकवण आहे. साताऱ्याच्या मातीला हे नवीन नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांचे वसतिगृह बायाबापड्यांच्या मुष्टिफंडावर चालले. दळायला बसताना मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचे. त्या मुठीवर कोणाचे नाव नव्हते, आणि त्या पंगतीत सर्व जातींची मुले एकत्र जेवली.

आमच्या मनात असा एक फंड आहे. इमारत नको, पाटी नको. गावोगावच्या विहारांत एक डबा आणि एक वही. पैसा कशाला? आजारी बाळाबरोबर आलेल्या आईच्या जेवणाला, रात्रीच्या गाडीभाड्याला, योजनेत न बसणाऱ्या औषधाला, आणि काउंटरवर कायदा दाखवायला जाणाऱ्या कार्यकर्त्याच्या पेट्रोलला. दवाखान्याचा मोठा खर्च शासनाने आणि धर्मादाय म्हणून सवलती घेणाऱ्या संस्थांनीच करायचा आहे. तो आपल्या डब्यातून भरून त्यांना मोकळे सोडायचे नाही. दोन्हींतला हा फरक नीट समजून घेतला नाही तर आपण वर्गणी गोळा करत बसू आणि राखीव खाटा रिकाम्या दाखविल्या जातील.

हा विषय आम्ही आमच्या वस्तीतल्या जयंती कमिटीपुढे मांडला. म्हटले, यंदा साऊंडची एक रात्र कमी करा आणि ते भाडे डब्यात टाका. तरुण पोरे गप्प बसली. एक जण म्हणाला, "दादा, शेजारच्या मंडळाचा साऊंड मोठा असतो, आपला छोटा दिसला तर लोक काय म्हणतील?" तेवढ्यात मागे बसलेल्या एका आजीने कमरेची पिशवी सोडली आणि पन्नासाची नोट टेबलावर ठेवली. तिचा नातू चार वर्षांपूर्वी गेला होता, हे तिथल्या सर्वांना ठाऊक होते.

निर्णय झालेला नाही. पुढची सभा रविवारी आहे. पन्नासाच्या त्या नोटेची पावती मात्र आम्ही त्याच रात्री फाडली, तिच्यावर क्रमांक एक आहे.