म्हातारपण आणि औषधांची पिशवी

औषध चांगले की वाईट, हा प्रश्न मुळातच अपुरा आहे. ते कोणाच्या शरीरात जाणार, हे विचारल्यावाचून त्याला अर्थ येत नाही. वयाबरोबर मूत्रपिंडांचे काम मंदावते, अंगातील पाण्याचा अंश घटतो व चरबीचा वाढतो. म्हणून तरुणास सोसणारी झोपेची गोळी वृद्धाच्या अंगात कितीतरी अधिक वेळ रेंगाळते.

धाराशिव जिल्ह्यात या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. येथील रुग्ण आधी गावच्या डॉक्टरांकडे, मग तालुक्याच्या दवाखान्यात जातो आणि दुखणे वाढले की सोलापूर, बार्शी किंवा लातूर गाठतो. दर ठिकाणी नवी चिठ्ठी मिळते. जुनी बहुधा घरीच राहते.

उमरगा तालुक्यातील सत्तरीच्या एका आजींचे उदाहरण आपण कल्पून पाहू. गुडघेदुखीसाठी त्यांना डायक्लोफेनॅक मिळाले. त्याने रक्तदाब वाढला, म्हणून अॅम्लोडिपिन आले. त्याने पायांवर सूज आली, म्हणून लघवी वाढवणारी गोळी आली. आता आजी रात्री तीनदा उठतात. एके रात्री अंधारात पडून खुब्याचे हाड मोडते. घरची माणसे म्हणतात, वय झाले! पण येथे वयापेक्षा चिठ्ठ्यांचा दोष मोठा. प्रत्येक डॉक्टरांनी समोरच्या तक्रारीवर उपाय केला. ती तक्रारच आधीच्या औषधाची असेल, हे कोणाच्या ध्यानी आले नाही.

अमेरिकेतील डॉ. मार्क बीअर्स यांनी १९९१ साली शुश्रूषागृहांतील वृद्धांसाठी टाळण्याजोग्या औषधांची यादी केली. १९९७ साली ती घरी राहणाऱ्या वृद्धांसही लागू होईल अशी वाढवली. २०२३ साली सुधारलेल्या यादीतही झोपेसाठी देतात ते डायझेपाम आहे, मधुमेहातील ग्लिबेनक्लामाइड आहे आणि सर्दीच्या गोळ्यांतील क्लोरफेनिरामीनही आहे. पहिल्याने तोल जातो, दुसऱ्याने साखर धोक्याइतकी उतरू शकते, तिसऱ्याने भ्रम होतो वा लघवी तुंबते. ही यादी म्हणजे सरसकट बंदी नव्हे; लिहिण्यापूर्वी दुसरा मार्ग आहे का, हे पाहण्याची ती आठवण आहे.

आमचे सांगणे एवढेच. दुकानातून मागून आणलेल्या गोळ्या आणि काढे-चूर्णे धरून घरातील सारी औषधे एका पिशवीत घालून अधूनमधून एकाच डॉक्टरांपुढे मांडावीत. आपल्या मनाने मात्र काही थांबवू नये. झोपेची व रक्तदाबाची काही औषधे एकाएकी सोडल्यास अपाय होतो. आणि म्हाताऱ्या माणसास नवी तक्रार उद्भवली, तर नवी गोळी मागण्याआधी विचारावे: हे जुन्या गोळीमुळे तर झाले नसेल?