यकृताला पर्याय (लेखांक ६) : रुग्णाचा प्लाझ्मा आणि यंत्रातल्या पेशी

गेल्या आठवड्यात आपण जैव-कृत्रिम यकृताची रचना पाहिली. रुग्णाच्या रक्तातून प्लाझ्मा वेगळा काढायचा, जिवंत यकृतपेशींनी भरलेल्या कार्ट्रिजमधून फिरवायचा आणि रक्तपेशींसह परत शरीरात सोडायचा. यात एक मेख आहे. या पेशी तयार होतात प्रयोगशाळेतल्या पोषक द्रवात. काम मात्र त्यांना करायचे असते प्लाझ्मात, तेही यकृत बंद पडलेल्या माणसाच्या. तिथे त्यांचे काय होते, ते आज पाहू.

सुरुवात निरोगी माणसाच्या प्लाझ्मापासून करू, कारण तोही या पेशींना मानवत नाही. पहिली अडचण प्राणवायूची. १०० मिली धमनीरक्तात सुमारे २० मिली प्राणवायू असतो, तो हिमोग्लोबिनमुळे. तांबड्या पेशी काढल्या की तेवढ्याच प्लाझ्मात विरघळलेला प्राणवायू उरतो जेमतेम ०.३ मिली, आणि यकृतपेशींना तर तो भरपूर लागतो. त्यामुळे या यंत्रांत ऑक्सिजनेटर असतो. अ‍ॅमस्टरडॅमच्या वैद्यकीय केंद्रात विकसित झालेल्या यंत्रात प्राणवायूच्या बारीक नळ्या थेट पेशींमधूनच नेल्या आहेत.

दुसरी अडचण सायट्रेटची. रक्त गोठू नये म्हणून वापरलेले सायट्रेट कॅल्शियम बांधून ठेवते. पण पेशींना एकमेकींना धरून राहायला कॅल्शियमच हवे असते.

तिसरी गोष्ट बोस्टनमध्ये मार्टिन यार्मुश यांच्या गटाने उलगडली. उंदरांच्या यकृतपेशी मानवी प्लाझ्मात ठेवल्या, तर त्यांच्यात चरबी साचते आणि अल्ब्युमिन व युरिया यांची निर्मिती घटते. याचे एक मूळ आधीच्या पोषक द्रवात सापडले. त्यात इन्सुलिन शरीरातल्या पातळीच्या कितीतरी पट असते. ते आधीच कमी केले आणि प्लाझ्मात अमिनो आम्लांची भर घातली, तेव्हा चरबी कमी झाली आणि कामही सुधारले. म्हणजे पेशींना प्लाझ्मासाठी आधीपासून तयार करता येते.

आता रुग्णाचा प्लाझ्मा. त्यात अमोनिया, बिलिरुबिन आणि पित्ताम्ले साचलेली असतात. पित्ताम्लांचा गुण साबणासारखा. प्रमाण वाढले की ती पेशींच्या आवरणाला आणि मायटोकाँड्रियाला इजा करतात. पेशी ऊर्जेअभावी दुबळ्या होतात किंवा मरतात. जोडीला टीएनएफ-अल्फासारखे दाहकारक रेणू असतात आणि पेशींचे विभाजन रोखणारा टीजीएफ-बीटाही. जे विष उतरवायला पेशी बसवल्या, तेच त्यांची उतरवण्याची ताकद कमी करते.

पण हा प्लाझ्मा केवळ विषारी असतो असेही नाही. यकृतपेशींना वाढायला सांगणारा एचजीएफ हा घटक जपानमधील संशोधकांनी १९८० च्या दशकात वेगळा केला, तो यकृत तीव्रपणे निकामी झालेल्या रुग्णाच्या प्लाझ्मातूनच. शरीर ‘नव्या पेशी हव्यात’ असा निरोप धाडतच असते. त्याच प्रवाहात तो निरोप दाबणारे रेणूही असतात.

डुकराच्या पेशी वापरल्या तर आणखी एक संकट येते. माणसाच्या प्लाझ्मात त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे जन्मानंतर लवकरच तयार झालेली असतात आणि ‘कॉम्प्लिमेंट’ प्रथिनांच्या मदतीने ती पेशींवर तुटून पडू शकतात. पेशी आणि प्लाझ्मा यांच्यामध्ये पडदा असतो खरा, पण ०.२ मायक्रॉनच्या छिद्रांतून पेशी जात नाहीत, प्रथिने मात्र आरपार जातात.

‘हेपॅटअसिस्ट’ या यंत्रात सुमारे ७ अब्ज डुक्कर-यकृतपेशी असत. प्लाझ्मा आधी कोळशातून जाई, म्हणजे विषाचा काही भार पेशींपर्यंत पोहोचण्याआधीच उतरे, आणि उपचाराची एक बैठक सहा तासांची असे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या १७१ रुग्णांच्या चाचणीत ३० दिवसांनी यंत्राच्या गटातले ७१ टक्के, तर नेहमीच्या उपचारांवरचे ६२ टक्के रुग्ण जिवंत होते. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. त्याचे सगळे खापर प्लाझ्मावर फोडणे बरोबर नाही. सुमारे दीड किलोच्या अवयवाचे काम त्याच्या लहानशा अंशाएवढ्या पेशींकडून मागितले जात होते, आणि अनेक रुग्णांना वाटेत यकृत प्रत्यारोपणही मिळाले.

तरीही यातून एक कसोटी पक्की होते. एखाद्या नव्या यंत्रातल्या पेशी किती अमोनिया उतरवतात, असा आकडा वाचला की पहिला प्रश्न विचारायचा : कोणत्या द्रवात, आणि किती तासांनंतर? पोषक द्रवातला पहिल्या तासाचा आकडा म्हणजे पेशींची क्षमता. रुग्णाच्या प्लाझ्मात उपचाराच्या अखेरीस मोजलेला आकडा म्हणजे रुग्णाच्या पदरात पडलेले काम. या दोहोंतले अंतर न मोजता केवळ पेशींची संख्या वाढवत जाणे महागात पडते.

मग प्लाझ्मा पेशींकडून स्वच्छ करून घेण्याऐवजी तो काढून दात्यांचा प्लाझ्माच दिला तर? १८२ रुग्णांवरच्या एका चाचणीने २०१६ साली या प्रश्नाला आशादायक उत्तर दिले. पुढच्या आठवड्यात त्याविषयी.