पासवर्ड बरोबर आहे, तरी लॉगिन होत नाही? आधी एरर नंबर वाचा

समजा तुम्ही दुसरा काउंटर टाकला आणि त्यासाठी नवा सर्व्हर घेतला. इंजिनिअरने रात्री सगळा डेटा नव्या मायएसक्यूएलवर चढवून दिला. सकाळी शटर वर केलं, बिलिंग सॉफ्टवेअर उघडलं, आणि लॉगिनच होत नाही. गिऱ्हाईक समोर उभं, बिल निघत नाही. मग आपण काय करतो? पासवर्ड पाच वेळा बदलून बघतो. पण पासवर्ड बरोबर असूनही असं होऊ शकतं, हे आधी समजून घ्या.

नेमकं काय बिघडतं?

सर्व्हर तुमचा पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही, त्याचं गुप्त रूप साठवतो. त्याला हॅश म्हणतात. लॉगिन करताना सॉफ्टवेअर आणि सर्व्हर दोघांनाही ओळख पटवण्याची एकच पद्धत माहीत असावी लागते. 2018 मध्ये मायएसक्यूएल 8.0 आलं आणि ही पद्धत बदलली. आधीची 'नेटिव्ह पासवर्ड' पद्धत शा-1 वर चालायची, नवी 'कॅशिंग शा-2' पद्धत शा-256 वर चालते आणि जास्त सुरक्षित आहे. तुमच्या जुन्या सॉफ्टवेअरला ती माहीतच नसेल, तर दार उघडणार कसं?

हे पहिल्यांदा घडत नाहीये. 2004 च्या सुमारास 4.1 व्हर्जन आलं, तेव्हा हॅश 16 अक्षरांवरून 41 अक्षरांचा झाला आणि जुनी सॉफ्टवेअर्स अशीच अडकली होती. म्हणजे पुढेही हे होणार.

एरर नंबर काय सांगतो?

• 2003: सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. नेटवर्क, फायरवॉल, सर्व्हर चालू आहे का ते बघा.
• 1045: सर्व्हरने नकार दिला. युजरनेम किंवा पासवर्ड चुकलाय, किंवा त्या कॉम्प्युटरवरून यायची परवानगी नाही.
• 1251, 2054 किंवा 2059: पद्धत जुळत नाही. इथे तोच पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकून उपयोग नाही.

एररचा फोटो काढून इंजिनिअरला पाठवा. 'चालत नाहीये' एवढंच सांगितलं तर तो अंदाजावर काम करणार.

उपाय कोणता?

पक्का उपाय एकच: सॉफ्टवेअर ज्या ड्रायव्हरने डेटाबेसशी बोलतं, तो अपडेट करून घ्या. सॉफ्टवेअर पीएचपीवर असेल तर पीएचपी 7.4 किंवा पुढचं हवं. आधी बॅकअप घ्या आणि रविवारी किंवा दुकान बंद असताना काम करा.

तात्पुरता उपाय असा: 8.0 वर बिलिंगपुरता एक युजर जुन्या पद्धतीवर आणता येतो. इंजिनिअर 'ऑल्टर युजर' कमांड वापरून हे करेल. त्यात पासवर्ड पुन्हा द्यावा लागतो, कारण दोन्ही पद्धतींचा हॅश वेगळा असतो. पण 8.4 मध्ये जुनी पद्धत बंदच येते, ती मुद्दाम चालू करावी लागते. आणि 9.0 मधून ती काढूनच टाकली आहे. ही दोन्ही व्हर्जन्स 2024 ची. म्हणजे हा उसना वेळ आहे. परत कधी करायचा, ती तारीख आजच लिहून ठेवा.

एक गोष्ट मात्र करू देऊ नका

घाईत कोणी म्हणेल, "रूट युजरच जुन्या पद्धतीवर टाकू आणि सगळ्या काउंटरना तोच देऊ." साफ नाही म्हणा. रूट म्हणजे तिजोरीची चावी. त्या डेटाबेसमध्ये तुमची उधारी, स्टॉक, जीएसटीची बिलं आणि गिऱ्हाइकांचे मोबाईल नंबर आहेत. बिलिंगच्या युजरला बिलिंगपुरतेच अधिकार हवेत.

सर्व्हर घेण्याआधी सॉफ्टवेअरवाल्याला हे विचारा

1. तुमचं सॉफ्टवेअर मायएसक्यूएलच्या कोणत्या व्हर्जनवर तपासलंय?
2. ड्रायव्हर कोणता आणि त्याचा अपडेट वार्षिक मेंटेनन्समध्ये येतो का?
3. नव्या सर्व्हरवर अडलं तर जुना किती दिवस चालू ठेवायचा?

उत्तरं व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. आधी एका काउंटरवर दहा बिलं काढून बघा, मगच जुना सर्व्हर बंद करा. आपल्या धंद्यात बंद काउंटरचा एक तास ड्रायव्हर अपडेटच्या खर्चापेक्षा महाग पडू शकतो.