विरजण द्यायचं की कुलूप लावायचं?

मैत्रिणींनो, घरात विरजण नसलं तर आपण काय करतो? वाटी घेऊन शेजारी जातो. शेजारीण चमचाभर दही देते, आपलं भांडंभर दही लागतं, आणि चार दिवसांनी तिसरीच कुणी आपल्या दारात वाटी घेऊन उभी राहते. देणारीचं काही कमी होत नाही. समजा, उद्या दहीवाल्याने सांगितलं, की दही विकत घ्या, खा, पण त्यातलं चमचाभर बाजूला काढून पुढचं दही लावायचं नाही, शेजारणीला द्यायचं नाही, आणि आत काय घातलंय ते विचारायचंही नाही. आपण त्याला वेड्यात काढू.

पण कॉम्प्युटरच्या बाबतीत हीच अट आपण वर्षानुवर्षं मुकाट्याने मान्य करत आलो आहोत. सॉफ्टवेअर घालताना पडद्यावर बारीक अक्षरांतला लांबलचक मजकूर येतो, खाली 'मला मान्य आहे' असं बटण असतं. कोण वाचतं? दाबून मोकळे होतो. त्या मजकुराला लायसन्स म्हणतात. पैसे भरून आपण सॉफ्टवेअर विकत घेतलं असं आपल्याला वाटतं, पण बहुतेक वेळा ते आपलं होत नाही. आपल्याला मिळते ती फक्त वापरायची परवानगी, तीही त्यांच्या अटींवर.

सॉफ्टवेअरची दोन रूपं असतात. एक, प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, ज्याला सोर्स कोड म्हणतात. तो माणसाला वाचता येतो, बदलता येतो. दुसरं, यंत्राला कळेल असं त्याचं रूपांतर. कंपनी आपल्याला बहुधा हे दुसरं रूपच देते. म्हणजे मसाला कुटून, पूड करून पाकिटात. चव कळते, पण आत दगडफूल किती नि नाकेसर किती, ते काही सांगता येत नाही.

हा वाद आजचा नाही. १९७६ साली, बिल गेट्स विशीत होते तेव्हा, त्यांनी कॉम्प्युटरच्या हौशी मंडळींना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिलं होतं. त्यांच्या कंपनीने 'अल्टेअर' नावाच्या छोट्या कॉम्प्युटरसाठी बेसिक भाषेचा प्रोग्राम तयार केला होता आणि लोक तो पैसे न देता एकमेकांना उतरवून देत होते. त्यांचं म्हणणं असं, की ही चोरी आहे, आणि मोबदलाच मिळणार नसेल तर चांगलं काम करेल कोण? मला हा प्रश्न उडवून लावावासा वाटत नाही. 'घरचंच तर काम आहे, त्याचे कसले पैसे' हे वाक्य आयुष्यभर ऐकणाऱ्या आपल्याला कष्टाचा मोबदला म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको.

पण दुसरी बाजूही ऐका. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे प्रोग्रामर काम करत होते. तिथल्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला, की वाट पाहणाऱ्यांना तसा निरोप जाईल अशी सोय त्यांनी प्रोग्राममध्ये बदल करून केली होती. मग झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. तोही अडकायचा. पण त्याचा सोर्स कोडच मिळाला नव्हता, त्यामुळे तीच सोय पुन्हा करता येईना. दुसऱ्या विद्यापीठातल्या एकाकडे तो होता. स्टॉलमन यांनी मागितला, तर त्याने नकार दिला, कारण 'कुणाला देणार नाही' असं तो कंपनीला लिहून देऊन बसला होता. दुरुस्ती करू शकणारा माणूस समोर उभा, प्रिंटर अडकलेला, आणि मध्ये एक कागद!

सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी सगळ्यांना खुली असेल अशी 'ग्नू' नावाची प्रणाली लिहिण्याचं जाहीर केलं, जानेवारी १९८४ मध्ये नोकरी सोडली. सॉफ्टवेअर वापरायचं, उघडून बघायचं आणि बदलायचं, दुसऱ्याला द्यायचं आणि आपण सुधारलेलंही द्यायचं, अशी चार स्वातंत्र्यं त्यांनी मांडली. इंग्रजीत 'फ्री' म्हटलं की लोकांना 'फुकट' वाटतं, म्हणून त्यांना आयुष्यभर खुलासे करावे लागले. आपल्या मराठीत हा घोळ नाही. मुक्त वेगळं, फुकट वेगळं. मुक्त सॉफ्टवेअर विकायलाही बंदी नाही.

१९८९ साली त्यांनी जीपीएल नावाचं लायसन्स आणलं. ते विरजणासारखं आहे. घ्या, बदला, वाटा, विका. पण पुढे देताना सोर्स कोडही द्यायचा आणि याच अटींवर द्यायचा. विरजण घेऊन गेलेल्या बाईने आपल्या दह्याला कुलूप लावायचं नाही, एवढंच. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहायला घेतला आणि १९९२ मध्ये तो जीपीएलखाली आणला. आपल्या हातातल्या अँड्रॉइड मोबाइलच्या पोटात तोच गाभा आहे. म्हणजे 'आम्हाला नाही बाई त्यातलं काही कळत' म्हणणारी प्रत्येक जण तो रोज वापरतेय!

मुक्तवाल्यांमध्येही दोन तट आहेतच. दुसऱ्या तटाचं म्हणणं, अटच कशाला? घ्या आणि हवं ते करा, पुढे कुलूप लावलंत तरी चालेल. बीएसडी, एमआयटी ही लायसन्सं अशी आहेत. आणि 'ओपन सोर्स' हा शब्द ठाऊक आहे ना? फेब्रुवारी १९९८ मध्ये तो सुचवला एका बाईने, अमेरिकेतल्या क्रिस्टीन पीटरसन यांनी. नावं लक्षात राहतात ती पुरुषांची, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता आपल्या दारात येऊ. आमच्या भागातल्या बचत गटांच्या संघाने काही वर्षांपूर्वी हिशेबाचं एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. विकणाऱ्याने येऊन घालून दिलं, दोन मुलींना शिकवलं. तीन वर्षं ठीक चाललं. मग कॉम्प्युटर बिघडला, नवा घेतला, तर सॉफ्टवेअर नवी किल्ली मागू लागलं. विकणाऱ्याने तोवर धंदा गुंडाळलेला. फोन लागेना, दुकानाला दुसऱ्याची पाटी. सगळ्या गटांची बचत, कर्जं, हप्ते त्या फाइलमध्ये होते. फाइल आमच्याकडे होती, पण ती दुसऱ्या कशातच उघडेना. शेवटी वह्या होत्या म्हणून वाचलो. दोघीतिघींनी दोन महिने बसून सगळ्या नोंदी पुन्हा घातल्या. हिशेब बायकांचे, पैसे बायकांचे, आणि किल्ली तिसऱ्याच्याच खिशात. लायसन्सची भाषा तेव्हा मला खरी कळली.

मराठीचंही तेच झालं होतं. पूर्वीच्या कितीतरी मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असायचं. एका दुकानात टाइप केलेली निमंत्रणपत्रिका दुसऱ्या दुकानात नेली की नुसत्या चिन्हांचा खिचडा. ज्याचा फॉन्ट, त्याच्याच दारात परत जायचं. जगातल्या लिपींसाठी सामायिक असलेल्या युनिकोडने हा अडसर काढला. त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली, आणि वापर रुळल्यावर मराठी मजकूर कुठेही उघडायला लागला. आज मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता' हा देवनागरी फॉन्ट कुणीही उतरवून घ्यावा, वापरावा, बदलावा अशा खुल्या लायसन्सवर मिळतो. नावही किती साजेसं!

दुसऱ्या राज्यांकडून शिकायचं तर केरळ बघा. तिथे २००१ साली शाळांसाठी 'आयटी ॲट स्कूल' हा प्रकल्प सुरू झाला आणि पुढे शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर आल्या. २०१७ मध्ये त्याचं 'काइट' या सरकारी कंपनीत रूपांतर झालं, २०१८ पासून शाळांमध्ये मुलामुलींचे 'लिटल काइट्स' क्लब सुरू झाले. २ लाखांहून जास्त कॉम्प्युटरवर मुक्त सॉफ्टवेअर असल्याने सुमारे ३ हजार कोटी रुपये वाचतात, असा हिशेब काइटने २०१९ मध्ये मांडला. पैशांइतकंच महत्त्वाचं हे, की शाळेत शिकलेलं सॉफ्टवेअर मुलगी घरच्या कॉम्प्युटरवर उजळ माथ्याने घालू शकते.

'मुलीला कुठली कॉम्प्युटर भाषा शिकवू?' असं आया विचारतात, तेव्हा मी हेच सांगते. शिकायचं साधन घरी विनाअट मिळतं का, ते आधी बघा. पायथन ही भाषा गिडो वॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये लोकांपुढे ठेवली. ती खुल्या लायसन्सवर आहे, साध्या कॉम्प्युटरवरही चालते. क्लासची फी भरली तरी भाषेची फी नाही.

पण मुक्त म्हणजे सगळं आलबेल, असं नाही. गावातल्या दुरुस्तीवाल्याला ठरावीक सॉफ्टवेअरच येतं. हिशेबनिसाची सवय मोडत नाही. आणि कष्टाचा प्रश्न तर उरतोच. एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' नावाची त्रुटी उघडकीला आली. इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या 'ओपनएसएसएल' या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये ती होती. मोठमोठ्या कंपन्या ते वापरत होत्या, आणि सांभाळत होती मोजकी माणसं, तुटपुंज्या देणग्यांवर. सगळ्यांनी विरजण न्यायचं आणि दूध मात्र एकीनेच आणायचं, हे कसं चालेल? फुकट मिळतंय म्हणून कष्ट फुकटचे होत नाहीत. वापरणाऱ्या संस्थांनी वाटा उचलायलाच हवा.

आणि हो, दुकानदार 'देतो टाकून' म्हणत जी चोरीची कॉपी घालतो, ती मुक्तही नाही नि सरळही नाही. तिच्याबरोबर व्हायरस येण्याची भीती असते, आणि अशी कॉपी जाणूनबुजून वापरणं आपल्या कॉपीराइट कायद्यानेही गुन्हा आहे. परवडत नसेल तर चोरी कशाला? पत्रं, हिशेब, तक्ते यांसाठी लिब्रे ऑफिस राजरोस मिळतं, मराठीही चालतं.

एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या काळात आरोग्य सेतू ॲप आलं. ते आपली काय माहिती घेतं, आत नेमकं काय चालतं, असे प्रश्न जाणकारांनी विचारले, आणि मे महिन्यात त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचा सोर्स कोड सरकारने खुला केला. विचारलं की दार उघडतं, ते असं.

म्हणून सख्यांनो, गटासाठी, शाळेसाठी, पतसंस्थेसाठी सॉफ्टवेअर घेताना किंमत विचारून थांबू नका. आमचा डेटा साध्या तक्त्याच्या रूपात बाहेर काढता येतो का? कॉम्प्युटर बदलला तर किल्ली पुन्हा विकत घ्यावी लागेल का? तुम्ही दुकान बंद केलंत तर आम्ही कुणाकडे जायचं? हेच काम करणारं मुक्त सॉफ्टवेअर आहे का, आणि ते शिकवायचे तुम्ही किती घ्याल? उत्तरं तोंडी नकोत, पावतीवर लिहून मागा. साडी घेताना आपण काठपदर उलटून बघतो, रंग जाईल का विचारतो, आणि दुकानदार सांगतोही. सॉफ्टवेअरवाल्यालाही सांगावं लागेल, आपण विचारलं तर.